वाचा व भाषोपचार : घोटापासून घरच्या बोलीपर्यंत

बोलणे, भाषा समजणे, आवाज आणि गिळणे यांतील विकारांचे निदान व उपचार करणाऱ्या शाखेस वाचा व भाषोपचार म्हणतात. गिळण्याचा विकार याच शाखेत येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. पक्षाघातानंतर मात्र तोच सर्वप्रथम तपासावा लागतो.

घोट घशातून उतरताना श्वासनलिकेचे तोंड क्षणभर बंद होते. स्नायूंवरील ताबा सुटला की ही क्रिया चुकते, अन्नपाणी फुप्फुसात जाते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. शुद्धीवर आलेल्या रुग्णाला नातेवाईक मायेने चमचाभर पाणी पाजतात. धोका नेमका तेथे असतो. पाणी वेगाने वाहते, त्यामुळे दाट पेजेपेक्षा ते सांभाळणे अनेकांना कठीण जाते. ठसका लागला नाही, एवढ्यावरून निश्चिंत होता येत नाही. काही रुग्णांत ठसकाच उमटत नाही. त्यामुळे तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काहीही न देणे हिताचे. त्यानंतर बसण्याची पद्धत, घोटाचे प्रमाण आणि अन्नाचा दाटपणा तज्ज्ञ ठरवून देतात.

मेंदूच्या इजेमुळे भाषा हरपते, त्यास वाचाघात म्हणतात. फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये त्याचा संबंध मेंदूच्या पुढील भागाशी जोडला. असा रुग्ण वेडा झाल्याचा समज निराधार आहे. कायमस्वरूपी वाचाघाताचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील वाचा व भाषा दिव्यांगत्वात होतो.

बहुभाषक रुग्णाची कोणती भाषा आधी परतते? रिबो यांनी १८८१ मध्ये लहानपणीच्या भाषेस झुकते माप दिले, तर पित्र यांनी १८९५ मध्ये नित्य वापरातील भाषेस. दोन्ही नियमांना अपवाद आढळले. जबलपूरसारख्या शहरात हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या आणि १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताच्या छायेत राहिलेल्या या शहरात मराठी कुटुंबे पूर्वीपासून आहेत. नेपियर टाउनमधील दवाखान्यात हिंदीत उत्तर न देऊ शकणारी मराठी आजी घरी नातवाला नावाने हाक मारीत असू शकते. तपासणी एकाच भाषेत झाली, तर निष्कर्ष अपुरा ठरतो.

मुलांबाबतही तसेच. ‘बाळ’मधील ळ किंवा ‘चमचा’मधील दंत्य च हिंदी शब्दयादीत सापडणार नाही. उशिरा बोलणाऱ्या मुलाशी घरी मराठी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण दोन भाषांमुळे वाचादोष जडतो याला आधार नाही.

या शाखेचे शिक्षण म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् श्रवण संस्थेत (स्थापना १९६५) आणि मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत (१९८३) मिळते. तज्ज्ञाकडे जाताना रुग्णाच्या घरातील नेहमीच्या शब्दांची, माणसांच्या नावांची आणि खाण्याच्या पदार्थांची यादी सोबत नेल्यास पहिल्याच भेटीत तिचा उपयोग होतो.