परसातला तलाव आणि तळाची जाळी

अमेरिकेत घरामागे पोहण्याचा तलाव ही दुसऱ्या महायुद्धापर्यंत सिनेनटांची आणि धनिकांची चैन होती. मध्यमवर्गाच्या परसात तो आला युद्धानंतर, आणि त्यात एका भलत्याच माणसाचा हात होता. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये मेलेल्या प्राण्यांचे हुबेहूब नमुने उभे करणाऱ्या कार्ल एकली याने इमारतीच्या डागडुजीसाठी हवेच्या दाबावर सिमेंट फवारणारी बंदूक बनवली. १९११ साली तिचे पेटंट झाले. खड्डा खणा, सळ्या बांधा, सिमेंट फवारा. तलाव हव्या त्या आकाराचा होऊ लागला. १९४८ साली थॉमस चर्च यांनी सोनोमा इथे मूत्रपिंडाच्या आकाराचा तलाव आखला आणि कॅलिफोर्नियात त्या आकाराचे पेवच फुटले.

दिसतो तो तलाव. त्याचा प्राण मात्र पंपात आणि जमिनीखालच्या नळांत. कडेच्या स्किमरमधून आणि तळाच्या जाळीतून पाणी ओढायचे, गाळायचे, परत सोडायचे. आपल्याकडच्या विहिरीवरच्या मोटारीला जे नियम, तेच इथे. नळ आधी तांब्याचे, नंतर पीव्हीसीचे, बहुधा दीड इंची. आता ते तलाव म्हातारे झाले आहेत. कारागिराची मजुरी तिकडे डोळे पांढरे करणारी, म्हणून पुष्कळ घरमालक करवत आणि सोल्युशनचा डबा घेऊन स्वतःच कामाला लागतात.

माझा धाकटा भाऊ त्यांतलाच. मी त्याच्याकडे होतो तेव्हा मोटारीने दम तोडला. ‘दादा, एकदाच मोठी बसवून टाकू,’ तो म्हणाला. मोटार मोठी म्हणजे काम चांगले, ही समजूत दोन्ही देशांत सारखीच! पंपाचा वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येते, पण वीज साधारण एक-अष्टमांशच लागते. म्हणूनच जुलै २०२१ पासून लागू झालेल्या अमेरिकी नियमांनी बहुतेक घरगुती तलावांसाठी वेग बदलता येणाऱ्या पंपांकडे लोकांना वळवले. नळ दीडऐवजी दोन इंची घातला, तर तेवढ्याच पाण्याला होणारे घर्षण तिपटीहून कमी होते. आम्ही पंप तसाच घेतला आणि जमिनीवरचे नळ दोन इंची केले.

पण मोठ्या मोटारीला माझा विरोध विजेपुरता नव्हता. जून २००२ मध्ये एका घरगुती मेजवानीत सात वर्षांची ग्रॅम बेकर गरम पाण्याच्या कुंडात उतरली आणि तळाच्या जाळीच्या ओढीने तिथेच चिकटली. आई ओढत राहिली, मूल सुटेना. शेवटी दोन पुरुषांनी इतक्या जोराने खेचले की जाळीच तुटली, पण मुलगी वाचली नाही. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात. तिच्या आईने चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९ डिसेंबर २००७ रोजी तिच्याच नावाच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुश यांची सही झाली.

या कायद्यात एक फट आहे. सार्वजनिक तलावांना सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. घरगुती तलावांच्या बाबतीत बंधन आले ते मुख्यतः बाजारात विकल्या जाणाऱ्या जाळीवर. आधीच बसलेली जुनी सपाट जाळी कुणी बुडी मारून बदलीपर्यंत तशीच राहते. त्यात तळाला एकच तोंड असेल आणि वर कुणी हौसेने दुप्पट ताकदीची मोटार लावली, तर सगळी ओढ त्या एका भोकावर. तोंडे दोन आणि निदान तीन फूट अंतरावर असली, म्हणजे एकावर कुणी अडकले तरी पाणी दुसरीकडून येते.

भावाच्या तलावाला तोंड एकच होते. जाळी पिवळी पडलेली, एक स्क्रू गायब. फरशी फोडून दुसरे तोंड काढण्यापेक्षा आम्ही तळाचा नळ कायमचा बंद केला, पाणी फक्त स्किमरमधून घेतले आणि वर फुगीर, नव्या प्रमाणाची जाळी बसवली. असल्या जाळीवर तिचे आयुष्य किती वर्षांचे तेही लिहिलेले असते. ती संपण्याचे साल भावाने मोटारीशेजारच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवले आहे.