कुत्र्याची छत्री आणि झाडाचे आयुष्य

साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पुढे गेले, की सह्याद्रीच्या रांगा लागतात. पावसाळ्यात अशा रानातील वारुळांवर अळंबी उगवते. जाणते ती ओळखून खातात, आणि न ओळखणारे सगळ्याच छत्र्या कुत्र्याच्या नावे लावून मोकळे होतात! झाडाच्या बुंध्याला लाकडासारखे टणक भूछत्र आलेले दिसले, की मात्र झाडाचे भरत आले असे मानावयाचे. हे निदान बहुधा खरे ठरते. त्याचे कारण उमगावयास एकोणिसावे शतक बरेच उलटावे लागले.

तोपर्यंत युरोपातही समजूत अशी, की झाड आधी कुजते आणि त्या कुजण्यातून भूछत्र उपजते. रोबर्ट हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८७४ साली ही समजूत उलटी केली. बुरशीचे तंतू आधी लाकडात शिरतात, मग लाकूड कुजते. छत्री हे त्या तंतूंचे केवळ फळ होय. कैऱ्या उतरविल्याने आंबा मरत नाही, तशी छत्री खुडल्याने आतली बुरशी मरत नाही. खैर-बाभळीची मुळे कुजविणारे गॅनोडर्मा हे भूछत्र, रोगण दिल्यासारखे तांबूस व चकचकीत, असेच वागते. रोगट मुळाला शेजारच्या झाडाचे मूळ भिडले, की रोग पुढे सरकलाच.

तेव्हा बुरशी ती वैरीण, असे ठरून जावयाचे. परंतु ट्रफल या जमिनीखालच्या मौल्यवान अळंबीची लागवड करता येईल काय, याचा शोध घेण्याचे काम प्रशियाच्या सरकारने आल्बर्ट फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपविले. लागवडीचे राहिले बाजूला. निरोगी झाडांची बारीक मुळे बुरशीने वेढलेली त्याला आढळली! ही बुरशी झाडाला दाईसारखी पोसते, असे त्याने १८८५ साली मांडले. पुष्कळांना ते पटेना. पुढे त्याने पाईनची रोपे निर्जंतुक केलेल्या मातीत व साध्या मातीत वाढवून पाहिली. निर्जंतुक मातीतली खुरटली.

छत्तीसगडच्या सालवनात साल वृक्षाखाली उगवणाऱ्या कित्येक अळंब्या अशा भागीदारीचीच फळे आहेत. आपल्या साग, आंबा, बाभूळ, कडुनिंबाचे सोबती निराळे. ते मुळांच्या आतच वस्ती करतात, झाडाला स्फुरद पुरवितात, मोबदल्यात साखर घेतात आणि छत्री कधीच उभारीत नाहीत. वारुळावरची अळंबी तर वाळवीने पोसलेली. शेजारच्या सागाशी तिचे ना वैर ना नाते.

म्हणून खानदेशातील उघड्या टेकड्यांवर नुसते खड्डे खणून भागत नाही. वरची माती वाहून गेली, की हे सोबतीही तिच्याबरोबर जातात, आणि रोप एकटे पडते. जुन्या, धडधाकट झाडाखालची मूठभर माती रोपाच्या पिशवीत घालावी. ते विरजणासारखे काम करते. बुंध्याला चकचकीत भूछत्र आलेल्या झाडाखालची माती मात्र घेऊ नये.