पासवर्डची ५२ अक्षरं

लोक कन्सोलच्या पिढ्या ग्राफिक्सवरून मोजतात. मी गेम सेव्ह करायच्या सोयीवरून मोजतो. १९८६ साली जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम कन्सोलवर 'ड्रॅगन क्वेस्ट' हा रोल-प्लेइंग गेम आला, तेव्हा खेळ थांबवताना २० अक्षरी पासवर्ड वहीत उतरवावा लागे. दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत गेला. एक अक्षर चुकलं की सगळी मेहनत पाण्यात. १९८८च्या तिसऱ्या भागात कार्ट्रिजमध्येच सेव्ह जपणारी बॅटरी आली. (ती संपली की नायकही गेला, ते सोडा.) ग्राफिक्सच्या बाजूने पाहिलं, तर १९९७ साली 'फायनल फँटसी ७' हा रोल-प्लेइंग गेम निन्टेन्डोला सोडून प्लेस्टेशनवर आला, तीन सीडींत. देखणा होता, मान्य. पण रोल-प्लेइंग गेमचं शिखर माझ्या मते १९९५चा 'क्रोनो ट्रिगर'च, आणि तो एका कार्ट्रिजमध्ये मावला होता.