जेड : माया राजांचा हिरवा श्वास

१/ प्राचीन माया समाजात सोन्याहून अधिक मोल एका हिरव्या पाषाणाला होते : जेड. आजच्या ग्वाटेमालातील मोताग्वा नदीच्या खोऱ्यात तो सापडे. कोवळा मका, पाणी आणि श्वास यांचे रूप माया लोक त्याच्या रंगात पाहत.

२/ जेड लोखंडाहूनही कठीण आणि माया कारागिरांपाशी धातूची हत्यारे नव्हती. ओल्या वाळूसारख्या घर्षक चूर्णावरून दोरी सतत पुढेमागे ओढून ते हा दगड कापत. म्हणूनच अंगावरचे जेड हे केवळ सौंदर्य नव्हते. इतरांच्या प्रदीर्घ श्रमांवर आपली सत्ता चालते, याची ती उघड खूण होती.

३/ पालेंकेचा राजा पाकाल इ.स. ६८३ मध्ये मरण पावला. १९५२ मध्ये अल्बेर्तो रुस यांनी त्याची शवपेटी उघडली, तेव्हा चेहऱ्यावर जेडच्या तुकड्यांचा मुखवटा, बोटांत जेडच्या अंगठ्या आणि मुखात जेडचा मणी होता. थांबलेल्या श्वासाची जागा पाषाणाने घेतली होती.

४/ चिचेन इत्झाच्या पवित्र जलकुंडातून विसाव्या शतकात जेडचे एक पदक वर आले. त्यावरील लेखातली तिथी इ.स. ७०६ ची आणि राजा दूरच्या पिएद्रास नेग्रासचा. तात्याना प्रोस्कुर्याकोफ यांनी हा संबंध उलगडला.

५/ १५६२ मध्ये मानी येथे फ्रान्सिस्कन धर्मगुरू दिएगो दे लांदाने माया पोथ्या जाळल्या. आज अवघ्या चार उरल्या आहेत. अशा वेळी हातात मावणारे हे पदकही इतिहासाचे एक पान ठरते. संग्रहालयातील जेड पाहताना त्याची चकाकीच नव्हे, त्यावरील अक्षरेही पाहावीत.