फॅटी लिव्हर : 'पीत असशील' म्हणणाऱ्या विज्ञानाचा इतिहास

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असे छापून आले की आपल्या वस्त्यांमध्ये पुरुषाला पहिला प्रश्न येतो, "किती पितोस?" बाईला येतो, "तेलकट किती खातेस?" विचारणारा डॉक्टर असो, कंपाउंडर असो की शेजारचा माणूस, उत्तर त्याने मनात आधीच ठरवलेले असते. आरोग्य शिबिरांमध्ये हे ऐकून ऐकून आम्ही या प्रश्नाचेच मूळ शोधायला बसलो. यकृतात चरबी का साठते याचा अभ्यास जवळजवळ दोनशे वर्षे चालू आहे. त्या अभ्यासाचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते : शिक्का आधी मारला गेला, पुरावा नंतर आला. ही पद्धत आपल्याला नवी नाही.

१८३६ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अॅडिसन यांनी दारू पिणाऱ्यांच्या यकृतातील चरबीचे वर्णन केले. दारूने यकृतात चरबी साठते हे तेव्हाही खरे होते, आजही आहे. दारूने आपल्या किती घरांची राख केली हे आम्हाला कोणी सांगायची गरज नाही. व्यसनमुक्तीचे काम आम्हीही करतो. पण 'दारूने असे होते' या निरीक्षणाचे पुढे 'असे झाले म्हणजे दारूच' असे झाले. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकणारा मुलगाही ही चूक पकडेल. वैद्यकशास्त्राला ती नीट पकडायला दीड शतक लागले.

मधल्या काळात पुरावे नव्हते असे नाही. १९२०च्या दशकात कॅनडातल्या टोरांटो शहरात इन्सुलिनचा शोध लागला. स्वादुपिंड काढून टाकलेले कुत्रे इन्सुलिनवर जगू लागले, पण काही महिन्यांनी तेही दगावत. पोट उघडून पाहिले तर यकृत चरबीने भरलेले. या कुत्र्यांनी दारूचा थेंब घेतला नव्हता. इन्सुलिनच्या शोधातले चार्ल्स बेस्ट आणि त्यांचे सहकारी या कोड्याच्या मागे लागले. लेसिथिन हा अंड्याच्या बलकात भरपूर असणारा पदार्थ खाऊ घातला तर चरबी साठत नाही, आणि त्यातला खरा कामाचा घटक 'कोलीन' आहे, हे १९३२पर्यंत त्यांनी दाखवून दिले. म्हणजे आहारात एखादी गोष्ट नसली तरीही यकृत चरबीने भरते. जास्त खाल्ल्याने नव्हे, कमी पडल्याने!

त्याच सुमारास आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स लहान मुलांवर उपचार करत होत्या. पाय सुजलेली, पोट फुगलेली, केसांचा रंग उडालेली मुले त्यांच्याकडे येत आणि मरत. शवविच्छेदनात यकृत चरबीने भरलेले दिसे. १९३३ साली त्यांनी हे लिहिले. लंडनच्या जाणकारांनी सांगितले की हा पेलाग्रा नावाचा जुनाच आजार आहे, बाईंना ओळखता आला नाही. त्या मागे हटल्या नाहीत. १९३५मध्ये त्यांनी या आजाराला तिथल्या गा भाषेतल्या बायकांचाच शब्द दिला : क्वाशिओरकोर. धाकटे भावंड आले की अंगावरच्या दुधावरून दूर झालेल्या मुलाला होणारा आजार, असा त्याचा आशय. ती मुले मक्याच्या पेजेवर वाढत होती, प्रथिने जवळजवळ नव्हती. यकृताला चरबी बाहेर पाठवायची असते तेव्हा ती प्रथिनाच्या वेष्टनात बांधावी लागते. प्रथिनच नसेल तर माल गोदामात पडून राहतो. निदान त्या मुलांच्या आयांकडे आधीपासून होते, विज्ञानाने ते ऐकून घ्यायला वेळ लावला.

आता अमेरिका. १९५२ साली कॅन्सस राज्यातले डॉक्टर सॅम्युएल झेलमन यांनी लठ्ठ माणसांच्या यकृताचा अभ्यास छापला. या अभ्यासाला निमित्त झाला रुग्णालयातलाच एक मदतनीस. तो दिवसाला वीसहून अधिक बाटल्या कोका-कोला पीत असे आणि त्याचे यकृत बिघडले होते. दारू नव्हे, साखर. तरीही या लेखाची फारशी दखल घेतली गेली नाही.

मग येते १९८०, आणि या साली थोडे थांबायला हवे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे जुर्गन लुडविग हे पॅथॉलॉजिस्ट होते. त्यांचे काम सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचे तुकडे पाहण्याचे. वीस रुग्णांच्या तुकड्यांत त्यांना दारूड्याच्या यकृतासारखीच चरबी, सूज आणि व्रण दिसले. पण हे वीसजण दारू पिणारे नव्हते. त्यांत बायका जास्त होत्या, बहुतेकजण लठ्ठ होते, अनेकांना मधुमेह होता. लुडविग यांनी या आजाराला 'नॉन-अल्कोहोलिक स्टिअॅटोहेपॅटायटिस' हे नाव दिले आणि लेखाच्या शीर्षकातच तो आजवर बिननावाचा असल्याचे सांगितले. त्याच लेखात आणखी एक प्रामाणिक नोंद आहे, जी आम्हाला शोधापेक्षाही महत्त्वाची वाटते. असा रिपोर्ट आला की डॉक्टर रुग्णाच्या मागे लागत, पितोस असे कबूल कर म्हणत. रुग्ण नाही म्हणाला तर नातेवाइकांकडे चौकशी करत. रुग्ण खरे बोलत होते, खोटे ठरवण्याची सवय डॉक्टरांची होती.

मेयो क्लिनिकच्या रुग्णाची ही गत, तर सफाई कामगाराची किंवा नाक्यावर उभ्या राहणाऱ्या मजुराची काय असेल? एका शिबिरात आमच्यासोबतच्या माळकरी आजोबांनी गळ्यातली माळ दाखवली, तरी समोरचा डॉक्टर हसत म्हणाला, "सगळे असेच म्हणतात." जात विचारावी लागली नाही. पत्ता पुरेसा होता.

लुडविग यांनी दिलेल्या नावातसुद्धा दारू राहिलीच. 'नॉन-अल्कोहोलिक' म्हणजे दारू नसलेला. आजार काय आहे हे न सांगता काय नाही ते सांगणारे नाव. जून २०२३मध्ये जगभरातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी ते बदलले. त्यासाठी मते मागवली तेव्हा ६१ टक्के जणांना 'नॉन-अल्कोहोलिक' आणि ६६ टक्के जणांना 'फॅटी' हा शब्द रुग्णाला कलंक लावणारा वाटला. आता इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'एमएएसएलडी' म्हणतात, म्हणजे चयापचयाच्या बिघाडाशी जोडलेला यकृतविकार. नावाने काय होते, असे विचारणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगतो की 'हरिजन' हा शब्द आपण का नाकारला ते आठवा.

चयापचयाचा बिघाड म्हणजे नेमके काय? साध्या भाषेत सांगतो. खाल्लेले स्टार्च आणि साखर रक्तात ग्लुकोज होऊन येतात. इन्सुलिन ते स्नायूंमध्ये ढकलते आणि चरबीच्या साठ्याला कुलूप लावून ठेवते. इन्सुलिनचे म्हणणे शरीर ऐकेनासे झाले की कुलूप सैल पडते, चरबी रक्तात वाहू लागते आणि यकृतात जाऊन बसते. शिवाय जादा साखरेपासून यकृत स्वतःच चरबी बनवते. २००५मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजक्या रुग्णांमध्ये खुणेचे अणू वापरून मोजले : यकृतातल्या चरबीपैकी सुमारे ५९ टक्के शरीराच्या साठ्यातून आलेली, २६ टक्के यकृताने घरीच बनवलेली, आणि ताटातल्या तेलातुपातून आलेली फक्त १५ टक्के. 'तेलकट किती खातेस' या प्रश्नाची किंमत एवढी.

पण आपला मुख्य मुद्दा पुढेच आहे. लुडविग यांचे रुग्ण लठ्ठ होते. आपली माणसे तर काटक. त्यांना हे का होते?

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये कोलकात्याच्या डॉक्टरांनी १,९११ लोकांची तपासणी केली. २०१०मध्ये निष्कर्ष छापला : ८.७ टक्के लोकांच्या यकृतात चरबी होती, आणि त्यांच्यापैकी ७५ टक्के लोकांचा बीएमआय २५च्या आत होता. निम्म्याहून अधिक जणांचे ना वजन जास्त, ना पोट सुटलेले. गरीब मुलखात, सडपातळ शरीरात हा आजार होता. याच पाहणीत तुलनेने बरी कमाई असलेल्यांना धोका जास्त दिसला, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. उलट तिथेच धागा सापडतो.

तो धागा पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी लहान. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. किडकिडीत, तरी आतून चरबीदार. २००४मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात याज्ञिक यांनी आपला आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३. शरीरातली चरबी युडकिनची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. वजनकाटा जे सांगत नाही ते त्या फोटोने सांगितले. नव्या व्याख्येत आशियाई माणसासाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ऐवजी २३ धरली आहे ती याच समजुतीतून.

आमचा अर्थ असा. उपाशी आईच्या पोटात घडलेले शरीर थोडक्यात भागवायला शिकते. त्याच्याकडे ग्लुकोज खर्च करणारे स्नायू कमी असतात. मग एका पिढीत परिस्थिती बदलते : रोजंदारीच्या जागी पगार, शेताच्या जागी खुर्ची, भाकरीच्या जागी रेशनचा पांढरा भात, दिवसातून सहा गोड चहा. आपल्यातली पहिली पगारदार पिढी नेमकी इथे उभी आहे. शिकली, नोकरीला लागली, आणि चाळिशीत यकृत, साखर, हृदय घेऊन दवाखान्यात बसली. लगेच कोणी म्हणेल, मग हे तुमच्या रक्तातच आहे. यकृतातल्या चरबीशी जोडलेले पीएनपीएलए३ हे जनुक २००८मध्ये सापडले हे खरे, पण ते जगभरच्या माणसांत कमीजास्त आढळते. त्यावरून जातीचे विज्ञान कोणी रचू नये. रक्तात आहे ते ग्लुकोज.

म्हणून हा प्रश्न आईच्या ताटापासून सुरू होतो, आणि तिथे बाबासाहेब फार आधी पोचले होते. जुलै १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले की बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारने उचलला पाहिजे. चयापचय, कोलीन, बीएमआय यांतले काही त्यांच्यासमोर नव्हते. कामकरी बाई होती.

आणि आज? २०१५मध्ये महाराष्ट्रात बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरिबाच्या ताटातले स्वस्त प्रथिन गेले. जानेवारी २०२५मध्ये राज्य सरकारने शालेय पोषण आहारातल्या अंड्यासाठीचा निधी थांबवला. ज्या अंड्याच्या बलकातल्या पदार्थाने टोरांटोचे कुत्रे वाचले, ते आपल्या पोरांच्या ताटातून काढले. एका अंड्याने फॅटी लिव्हर बरे होते असे आम्ही म्हणत नाही. वाढत्या शरीरातून प्रथिने काढून घेऊन तिथे स्टार्च भरायचे आणि पुढे त्याच माणसाला 'जीवनशैली सुधारा' म्हणायचे, याला आमचा आक्षेप आहे.

मार्च २०२४मध्ये अमेरिकेत या आजारावरचे पहिले औषध मंजूर झाले. नाव रेस्मेटिरॉम, किंमत वर्षाला सुमारे ४७ हजार डॉलर. ते आपल्या वस्तीत कधी येईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा. भारत सरकारने फेब्रुवारी २०२१मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला, ही चांगली गोष्ट झाली. त्या कार्यक्रमात आशाताई घरोघरी जाऊन एक यादी भरतात. धोक्याचे गुण दिले जातात ते वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, व्यायाम आणि घरातले आजार यांना. तुमच्याकडे आशाताई आल्या की ती यादी हातात घेऊन वाचा. जन्माच्या वेळचे वजन, रात्रपाळी, आणि बाळंतपणाच्या किती दिवस आधीपर्यंत आई कामावर जात होती, हे रकाने गुणांच्या त्या यादीत नाहीत.