काटकुळ्यांचा मधुमेह
थ्रेड. आमच्या आजोबांनी शहाडच्या रेयॉन कारखान्यात पाळ्या करून हाडांची काडे केली. अशा माणसाला मधुमेह कसा? ‘चहात चार चमचे साखर घेतात ना!’ हा घरचा निकाल. आजोबांनाही तो मान्य होता. ते स्वतःलाच दोष देत.

रोगाच्या नावातच मध असल्यावर दुसरा आरोपी कोण शोधणार? तो 1963 साली केंब्रिजमध्ये सापडला. फिलिप रँडल, गार्लंड, हेल्स आणि न्यूशोम यांनी उंदरांच्या हृदयाच्या व श्वासपटलाच्या स्नायूंवर प्रयोग करून ‘लॅन्सेट’मध्ये निबंध लिहिला. रक्तातील मेदाम्ले वाढली की स्नायू तीच जाळू लागतो आणि त्या ज्वलनातून निघणारी द्रव्ये ग्लुकोजच्या ज्वलनाला आवर घालतात. चुलीत एक सरपण पेटले की दुसरे बाहेरच पडून राहावे, तसे.

1990 च्या दशकात येलच्या जेराल्ड शुलमन यांच्या गटाने यात दुरुस्ती केली: मेदाम्लांमुळे ग्लुकोजचा पेशीतला प्रवेशच मंदावतो, इन्शुलिनचा निरोप आत नीट पोहोचत नाही. रँडल यांचा क्रम चुकला होता. आरोपी तोच राहिला.

पण काटकुळ्याच्या अंगात मेद येतो कुठून?

इथे चौघांपैकी हेल्स पुन्हा भेटतात. 1992 मध्ये त्यांनी डेव्हिड बार्कर यांच्यासह मांडले की गर्भातली उपासमार पुढील आयुष्यातल्या मधुमेहाचे बीज ठरू शकते. पुढच्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5. मात्र ही तूट सर्वत्र सारखी नव्हती. स्नायू आणि पोटातील अवयव लहान राहिले. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकली. बाळ जन्मतःच ‘कृश-मेदस्वी’!

2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे जोडछायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय 22.3. चरबी युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. पोटातली अशी चरबी मात्र रक्तात मेदाम्ले सोडत राहते.

पणजीने आजोबांच्या वेळी गरोदरपणात काय खाल्ले असेल, हे मी घरात विचारून पाहिले. कुणालाच ठाऊक नाही. आमच्या विषयाची दफ्तरे सारा आणि धान्याचे भाव नोंदवतात. तिचे ताट त्यांत नाही.