आहार, आतड्याचे आरोग्य आणि दीर्घकालीन दाह

दीर्घकालीन दाह म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणा मंद प्रमाणात, परंतु महिनोन्‌महिने चेतलेली राहण्याची अवस्था होय. तिचा संबंध मधुमेह, हृदयविकार व रक्तक्षय यांच्याशी आढळतो. आहार आणि मोठ्या आतड्यातील जीवाणू यांचा या दाहावर परिणाम होतो. परभणी जिल्ह्याच्या पारंपरिक आहारातील ज्वारी, तूर व ताक या दृष्टीने उल्लेखनीय आहेत.

कार्यपद्धती

मानवी पाचकरसांनी न पचणाऱ्या चोथ्याचे (तंतुमय पदार्थांचे) मोठ्या आतड्यातील जीवाणू किण्वन करतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन असून ते दाह आटोक्यात ठेवण्यास साहाय्य करते. चोथा अपुरा पडल्यास काही जीवाणू आतड्याचा संरक्षक श्लेष्मथर खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले आहे. हे संरक्षण दुबळे झाल्यास जीवाणूंचे अंतर्विष रक्तात शिरून दाहास चालना देऊ शकते.

धान्य आणि चोथा

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, तर पॉलिश केलेल्या तांदळात ३ ग्रॅमहून कमी चोथा असतो. गव्हाच्या कणकेतील चोथा ज्वारीच्या जवळपास आहे. म्हणजेच खरा भेद भाकरी व पोळी यांत नसून, कोंड्यासह दळलेले धान्य आणि मैदा यांत आहे.

परभणी शक्ती

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे जैवसंवर्धित वाण २०१८ मध्ये प्रसारित केले. त्यात लोह ४५ व जस्त ३२ पीपीएम आहे. सर्वसाधारण वाणांत हे प्रमाण सुमारे ३० व २० पीपीएम असते. तथापि, दाह असताना यकृतातून हेप्सिडिन हे संप्रेरक अधिक स्रवते व आतड्यातील लोहशोषण घटते. त्यामुळे आहारात पुरेसे लोह असूनही रक्तक्षय टिकून राहू शकतो.

संशोधन व मर्यादा

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०२१ मधील ३६ प्रौढांवरील अभ्यासात आंबवलेल्या पदार्थांमुळे आतड्यातील जीवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातील १९ दाहजन्य प्रथिने घटली. केवळ चोथा वाढवलेल्या गटात असा एकसारखा परिणाम दिसला नाही. अभ्यास लहान असल्याने त्यावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही. ताकात जिवंत जीवाणू असतात. कढी उकळल्यावर ते बहुतांशी नष्ट होतात.

आहारातील चोथा एकदम वाढवल्यास पोटफुगी होऊ शकते. क्रोन रोगात आतडे अरुंद झालेले असल्यास आहारात बदल करण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.